मेलेल्या सेटमधून काय घ्यावं, काय घेऊ नये

नाशिकच्या सिडकोतल्या एका तरुणाने विचारलं आहे: "वडिलांनी 2003 च्या वर्ल्डकपआधी घेतलेला 43 इंची प्रोजेक्शन टीव्ही घरात आहे. आवाज चांगला, चित्रही येतं, पण मधला भाग सोडला तर लाल आणि निळा रंग हिरव्यापासून सुटून धनुष्यासारखे वाकलेत. बातम्यांची पट्टी तीन-तीन दिसते. मेकॅनिक म्हणाले, एसटीके आयसी गेल्या, आता मिळत नाहीत, भंगारात द्या. नाशिकरोडच्या एका बंद पडलेल्या लॉजमध्ये याच मॉडेलचा मेलेला सेट आहे. मालक दोन हजार मागतोय. काका, घेऊ का? त्यातलं काय वापरता येईल? मी डिप्लोमा केलाय, सोल्डरिंग येतं."

सेट घ्या. पण पैसे मोजण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: तो टीव्ही मेला तेव्हा काय दिसत होतं? "अचानक बंद पडला, लाल दिवा पण लागेना" असं म्हणाला तर सौदा चांगला आहे. "रंग फाटायला लागले होते" म्हणाला तर दोनशे रुपयांनाही घेऊ नका. तुमचा सेट ज्या रोगाने आजारी आहे त्याच रोगाने तो गेला असेल, तर त्याचं काळीज काढून तुमच्यात बसवून काय होणार?

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे मीटर कुठे लावायचा हे माझ्याशिवायही कळेल. या सेटच्या पोटात साधारण सात इंची तीन ट्यूब असतात, एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीपुढे लेन्स. तिन्ही चित्रं आरशावर आदळून पडद्यावर एकावर एक बसतात, या जुळण्यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात. हिरवी ट्यूब मधोमध असते, तिचं चित्र जवळपास सरळ पडतं. लाल आणि निळी बाजूला, तिरक्या. भिंतीवर टॉर्च तिरका मारला की गोलाचा अंडाकार होतो, तसं त्यांचं चित्र मुळातच वाकडं पडतं. ते सरळ करायला प्रत्येक ट्यूबच्या मानेवर मोठ्या योकच्या (बीम वळवणाऱ्या कॉइलच्या) मागे एक छोटा कन्व्हर्जन्स योक असतो. त्यात आडवी आणि उभी दुरुस्ती करणारे करंट सोडतात. तीन ट्यूब, प्रत्येकी दोन करंट, म्हणजे सहा. हे सहा करंट पुरवणारे अॅम्प्लिफायर म्हणजे तुमच्या त्या दोन एसटीके. एकेकीत तीन चॅनल.

चॅनल मेला की त्या रंगाची त्या दिशेची दुरुस्ती थांबते. म्हणजे आज दिसतोय तो वाकडेपणा नवीन नाही, पहिल्या दिवसापासून होता. तो झाकणारा गेला, इतकंच. म्हणूनच रिमोटवरच्या कन्व्हर्जन्सने तो जात नाही. त्या मेनूत सगळा रंग उचलून इकडेतिकडे सरकवता येतो, वाक काढता येत नाही. तुम्ही अर्धा तास त्या मेनूतल्या फुलीशी झगडला असालच.

आता तुमच्या मेकॅनिकचं निदान. बहुतेक बरोबर आहे, पण अर्धं. लाल आणि निळा दोन्ही एकदम वाकलेत, म्हणजे दोन्ही आयसी गेल्या असतील, किंवा त्यांना मिळणारा प्लस नाहीतर मायनस सप्लाय. आयसीला हात लावण्याआधी तो सप्लाय मोजा. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, बोर्डावर छापलेला असतो किंवा सर्किट डायग्रामात मिळतो. पण प्लस आणि मायनस जोडीचे असतील तर आकड्यात सारखे हवेत. एक बाजू शून्य आली तर त्या लाइनवर रेझिस्टन्ससारखा दिसणारा छोटासा फ्यूज शोधा. बहुधा हिरवट किंवा बदामी. पिको फ्यूज म्हणतात त्याला. मीटरची कंटिन्युइटी लावल्याशिवाय तो गेलाय हे डोळ्यांना कळत नाही, आणि रेझिस्टन्स समजून लोक त्याला सोडून देतात. मीही सोडला होता. दोन दिवस गेले होते.

फ्यूज उडालेला सापडला म्हणून नुसता तो बदलून सेट लावू नका. तो कोणीतरी उडवलाय. बहुधा आयसी आतून शॉर्ट आहे.

यानंतर एसटीकेच्या बाजूचे रेझिस्टन्स. दोन-चार ओहमचे, जरा जाड. आयसी जाताना यांना सोबत नेते. कमी ओहमचा रेझिस्टन्स बोर्डावर मोजू नका, एक पाय सोडवून मोजा. आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते पाहा आणि तेवढे वजा करा. स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम खातात आणि 2.2 चा रेझिस्टन्स 2.7 दिसतो. एक जरी उघडा किंवा चढलेला राहिला तर नव्या आयसीनंतरही तो रंग सुधारत नाही, आणि माणूस आयसीला शिव्या घालतो.

"नवीन मिळत नाहीत" हे तितकंसं खरं नाही. एसटीके 392-110 किंवा तिच्या भावकीतल्या आयसी आजही दुकानात मागितल्या तर मिळतात. प्रश्न असा की मिळते ती काय असते. मूळ बनवणारी सान्यो. तिची ही हायब्रिड आयसी म्हणजे अॅल्युमिनियमच्या इन्सुलेटेड पत्र्यावर मांडलेलं अख्खं सर्किट, म्हणून खाली अभ्रक लावावा लागत नाही. बाजारात फिरतात त्यातल्या बऱ्याच नकली. आत ट्रान्झिस्टरच्या चिप छोट्या, पत्रा पातळ. बाहेरून अक्षरं झकास. मी एकदा एका पुरवठादाराकडून दहाची पेटी आणली होती. पहिली जोडी पंधरा मिनिटं चालली. दुसरी गिऱ्हाइकाच्या घरी, गणपतीच्या दिवसांत, पाहुण्यांसमोर फाटली. उरलेल्यांच्या अक्षरांवरून थिनरचा बोळा फिरवला तर खाली दुसराच नंबर. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: या आयसीच्या बाबतीत मेलेल्या सेटमधली जुनी अस्सल ही दुकानातल्या नव्या नकलीपेक्षा बरी. तुमचा लॉजचा सेट मला हवासा वाटतो तो एवढ्यासाठीच.

काढताना घाई करू नका. हीटसिंकचे स्क्रू आधी सैल करा. प्रत्येक पिनेवर थोडं ताजं शिश्याचं सोल्डर चढवा, मग पंपाने ओढा. वीस वर्षांचं कोरडं सोल्डर नुसतं तापवत बसलात तर बोर्डाचा पॅड (पिनेखालचा तांब्याचा ठिपका) उचलला जातो. स्क्रॅप बोर्डाचा पॅड गेला तर जाऊ द्या. आयसी वाचवा, कारण पॅड वाचवायचेत ते तुमच्या बोर्डावर. काढलेली आयसी डायोड रेंजवर तपासा, सप्लायच्या पिना आणि तिन्ही आउटपुट यांच्यात. दोन्ही आयसी एकाच नंबरच्या असतील तर एकीचे आकडे लिहून दुसरीशी ताडा. कुठे सरळ शॉर्ट दिसला तर ती बाद.

बसवतानाही क्रम तोच. आधी हीटसिंकला स्क्रूने आवळा आणि मगच पिनांना टाके मारा. आधी टाके मारून नंतर आवळलं की पत्रा हीटसिंककडे ओढला जातो, पिनांवर ताण येतो, आणि सहा महिन्यांत टाके तडकतात. जुनी पांढरी पेस्ट खरवडून पुसून घ्या, नवी पातळ पसरा. लोणी लावल्यासारखी थापू नका. आणि दोन्ही आयसी एकदमच बदला. "एक चांगली दिसतेय, राहू दे" असं म्हणून मी तोच सेट तीनदा उघडलेला आहे.

आता बाकीचं सामान. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर भंगारातून कधीही घेऊ नका. आतलं रसायन वाळतं, सेट वापरात असो की पडून. ते शालिमार, एम. जी. रोड भागातल्या दुकानातून नवे, 105 डिग्रीचे आणा. शंभर-दोनशे रुपयांत अख्ख्या पॉवर सप्लायचे होतात. रेझिस्टन्स, कॉइल, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कनेक्टर, रिमोटचा सेन्सर हे खुशाल घ्या. ईएचटी (हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) आणि तीन ट्यूबना ते वाटणारा ब्लॉक नाइलाज असेल तरच. इथे तीस हजार व्होल्टच्या आसपास कारभार असतो. गोदामात दोन पावसाळे ओल खाल्लेला ब्लॉक पहिल्या दहा मिनिटांत चरचर करतो, मग बारीक निळी ठिणगी, मग ट्यूब बोर्ड गेलं. लॉजचा सेट कुठे ठेवलाय ते म्हणूनच बघा. जिन्याखाली असेल तर उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी गृहीत धरा. मुतलेलं बोर्ड वरून स्वच्छ दिसलं तरी ट्रॅक आतून खाल्लेला असतो. मेलेली पाल सापडली तर घाबरू नका, आनंद माना: सेट का मेला त्याचं उत्तर मिळालं.

टीव्हीचा ट्यूनर चालतो की नाही याची काळजी सोडा. नाशिकचं नाव केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत 31 मार्च 2013. तेव्हापासून सेट-टॉप बॉक्सची एव्ही वायरच लागते.

लॉजच्या ट्यूबांवर माझा विश्वास नाही. लॉज, परमिट रूम, रिसेप्शन, अशा ठिकाणी टीव्ही चौदा-चौदा तास एकाच चॅनलवर असतो. कोपऱ्यातला लोगो आणि खालची पट्टी ट्यूबच्या फॉस्फरवर, म्हणजे तोंडाच्या आतल्या उजळणाऱ्या लेपावर, कायमची भाजली जाते. पाहायचं कसं? सेट बंद, वायर काढलेली, पडद्याच्या खालचं पुढचं कव्हर काढून लेन्समधून बॅटरीचा उजेड आत टाका. चांगल्या ट्यूबचं तोंड एकसारखं दिसतं. झिजलेल्यात चित्राएवढा करपट चौकोन दिसतो, आणि जास्तच वापरलेली असेल तर लोगो वाचता येतो. मी एका हॉटेलच्या हिरव्या ट्यूबवर क्रिकेटच्या स्कोअरची अख्खी पट्टी वाचली आहे. हिरवी आधी बघा. चित्राच्या उजेडात हिरव्याचा वाटा 59 टक्क्यांच्या घरात, लालचा 30, निळ्याचा 11. निळी थोडी दमली तर डोळा माफ करतो. हिरवीवरचा डाग माफ करत नाही. हीच तपासणी स्वतःच्या सेटवर आज रात्रीच करा. तुमच्याच हिरवीवर लोगो भाजला असेल तर कन्व्हर्जन्स दुरुस्त करून काय पाहणार आहात ते आधी ठरवा.

लेन्समधून पाहताना आणखी एक गोष्ट दिसेल. ट्यूबचं तोंड आणि पहिली लेन्स यांच्यात द्रव भरलेला असतो, इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण. ते ट्यूब थंड ठेवतं आणि मधली हवेची फट भरून चित्र उजळ करतं. वयानुसार ते गढूळ होतं, कधी आत बुरशीसारखे धागे तरंगतात, आणि चित्राभोवती धुकं येतं. बदलता येतं, पण आत्ता नको, आधी कन्व्हर्जन्स. करायचं झालं तर गाडीच्या रेडिएटरचं रंगीत कूलंट ओतू नका. त्यात रंग असतो आणि गंज रोखणारी रसायनं असतात. ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड. सांडलं तर पुसून पाणी मारा, घरात मांजर-कुत्रं असेल तर विशेष. पण गळकी ट्यूब ही तातडीची बाब आहे. सील फुगून द्रव थेंबथेंब खाली बोर्डावर पडतो, वीज वाहतो, बोर्ड जाळतो. ट्यूबखाली चिकट ओघळ दिसला तर ते निस्तरेपर्यंत सेट लावूच नका. हा द्रव पाण्यात विरघळतो, म्हणून बोर्ड सोडवून पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा.

लॉजच्या ट्यूब खरंच चांगल्या निघाल्या आणि तुमच्या खराब, तर लेन्स आणि द्रवाच्या पेटीसकट, न उघडता, उचला.

इथे आणखी एक फास आहे, आणि बहुतेक जण त्यातच अडकतात. कन्व्हर्जन्सचं सेटिंग, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक भागासाठी किती करंट सोडायचा ते आकडे, डिजिटल कन्व्हर्जन्स असलेल्या सेटमध्ये आठ पायांच्या एका छोट्या मेमरी आयसीत असतात, 24सी मालिकेतली ईईप्रॉम. हे आकडे कारखान्यात त्या एका सेटच्या ट्यूब, त्याचे योक, त्याचा आरसा पाहून भरलेले. एकाच मॉडेलच्या दोन सेटचे आकडे सारखे नसतात. तुमचं बोर्ड काढून लॉजचं कन्व्हर्जन्स बोर्ड जसंच्या तसं लावलंत तर चित्र आहे त्याहून वाईट दिसेल, आणि वाटेल की तेही बोर्ड खराब. बोर्ड बदलायचं असेल तर तुमची ईईप्रॉम काढून नव्या बोर्डावर लावा. आणि त्यांच्या ट्यूब योकसकट घेतल्या तर उलट, त्यांची ईईप्रॉमही घ्या. आकडे बोर्डाचे नसतात, ट्यूबचे असतात.

काहीही करण्याआधी स्वतःच्या ईईप्रॉमची नक्कल काढून ठेवा. सीएच341ए हा यूएसबी प्रोग्रामर काही शे रुपयांना मिळतो, डिप्लोमावाल्याला एका संध्याकाळचं काम. सर्व्हिस मोडमध्ये (मेकॅनिकसाठीच्या छुप्या मेनूत) जाऊन बटणं दाबत बसणाऱ्या कित्येकांनी चांगले आकडे पुसून टाकलेत, आणि ते परत कुठून आणणार?

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, पण वाचून सोडून देऊ नका. सेट बंद केल्यावरही मेन फिल्टर कपॅसिटरवर 320 च्या आसपास व्होल्ट डीसी असतात. त्याच्या टोकांना फिलामेंटचा बल्ब टेकवून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ट्यूबच्या अॅनोड कॅपला, म्हणजे हाय व्होल्टेजची वायर जिथे लागते त्या टोपीला, हात लावण्याआधी चासीच्या ग्राउंडला वायर जोडलेल्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने डिस्चार्ज करा, दोनदा. लहानपणी मला बसलेला धक्का फार नव्हता, पण हात झटकल्यावर मागच्या ट्यूबची मान मोडली. ट्यूब गेली आणि उस्तादांची थप्पड बसली. घरात दुसरं कोणी असताना काम करा. आणि आयसी बसवून पहिल्यांदा सेट लावताना सिरीजमध्ये बल्ब लावा, 200 वॅटचा. हे सेट जास्त खातात, 100 वॅटच्या बल्बवर पॉवर सप्लाय सुरूच होत नाही आणि उगाच गोंधळ होतो. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच हवा. 200 चा आता दुकानात सहज मिळत नाही. मी माझे दोन जुन्या पोल्ट्रीच्या सामानातून आणलेत. म्हणजे हाही भंगारातलाच पार्ट.

आरसा पुसण्याचा मोह आवरा. घरच्या आरशाची चांदी काचेमागे असते, याची पुढे असते. काच पुसायचा निळा स्प्रे आणि फडकं मारलंत तर चकाकीच निघून येते. हे मी एका गिऱ्हाइकाच्या सेटवर करून बसलोय आणि भरपाई दिली आहे. नुसत्या मऊ ब्रशने धूळ झटका. पडद्याच्या आतल्या खाचांच्या शीटला साध्या पाण्यात जरासा सौम्य साबण, स्पिरिट नाही. लॉजचा पडदा ओरखडे नसलेला असेल तर तोही ठेवून द्या, तुमच्या घरात लहान मुलं असतील तर कधीतरी लागेल.

आयसी बसली, धूर आला नाही, वाक गेला. तरी काही रेषा केसभर सुटलेल्या राहतीलच. सेट अर्धा तास चालू ठेवा, थंड सेटवर केलेलं कन्व्हर्जन्स तासाभराने हलतं. सर्व्हिस मोडमधली रेषांची जाळी पडद्यावर आणा, लाल आणि निळा बंद करा, फक्त हिरवा ठेवा. पडद्यावर बाहेरून दोऱ्याची जाळी ताणा, टोकं टेपने चिकटवा. येवल्याच्या आसारीवरचा (पतंगाच्या फिरकीवरचा) साधा सुती दोरा उत्तम, पतंगाचा मांजा नको, त्याची काच पडद्यावर ओरखडे काढेल. हिरवा दोऱ्याला बसवा, मग लाल हिरव्यावर, मग निळा. मधून सुरुवात, कडेला शेवट, आणि प्रत्येक टप्प्याला सेव्ह. कोपऱ्यातला शेवटचा मिलिमीटर कधीच जुळत नाही. कारखान्यातही जुळत नव्हता. तो सोडून द्या, नाहीतर रात्र जाते.

एक सावधगिरीची सूचना: वाचणाऱ्यांपैकी कोणाचा सेट दिवा आणि चकती असलेला डीएलपी असेल तर वरचं काहीही त्याला लागू नाही. त्याचा जुना दिवा कधीच घेऊ नका. पडद्यावर पांढरे ठिपके आले असतील तर आतली आरशांची चिप गेली, तीही भंगारात चांगली मिळणं कठीण.

लॉजच्या सेटचा सांगाडा उरेल त्याचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार 2017 च्या जानेवारीत महापालिकेने हटवला, त्याआधी मी असले सांगाडे तिथेच देत आलो होतो. पण ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी. तांब्यासाठी हातोडा मारणाऱ्या पोरांच्या हाती त्या देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या. लाकडी पेटी, लेन्सा आणि आरसा ठेवून द्या. लेन्सा भिंगासारख्या वापरता येतात, माझ्या बेंचवर एक आहे.

लॉजवर जाताना बॅटरी, मीटर आणि एक माणूस घेऊन जा, सेट एकट्याने उचलायचा नाही. तुमच्या बोर्डावरच्या दोन्ही एसटीकेंचा पूर्ण नंबर लिहून न्या आणि त्याच्याशी ताडा. मॉडेल तेच असलं तरी वेगळ्या सालच्या सेटमध्ये वेगळी आयसी निघते, आणि शेवटचे दोन आकडे बदलले की पिना जुळतीलच असं नाही. नंबर, प्लस-मायनस सप्लायचे आकडे आणि हिरव्या ट्यूबच्या तोंडाचा फोटो, एवढं मला कळवा. मग दोन हजारांत किती कमी करायला लावायचे ते सांगतो.